‘ओस’चा जपानी अर्थ

पहिला फोन मी करणार नाही, एवढंच मी ठरवलं होतं. पुढचं रामायण त्यातून घडलं.

कारण सांगतो, निवाडा तुम्ही करा. बायकोने सकाळी चिठ्ठी ठेवली होती : ‘दुध फ्रिज मध्ये आहे.’ मी लाल पेन घेतलं, ‘दु’ दीर्घ केला, ‘मध्ये’ला ओढून ‘फ्रिज’ला चिकटवलं आणि चिठ्ठी होती तिथे ठेवली. पस्तीस वर्षं बातमीदारी केलेला माणूस ढळढळीत दोन चुका कशा सोडणार? (दूध प्यायचं तेवढं राहून गेलं.) तिने संध्याकाळी चिठ्ठी वाचली आणि आठ दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे गेली. त्या आठाचे चाळीस झाले.

घरात मी आणि फ्रिज. मी त्याला अग्रलेख वाचून दाखवतो, संपादकाची सालटी काढतो. तो अधूनमधून हुंकार देतो, पण बाजू कुणाचीच घेत नाही. असला गुळमुळीतपणा मी वार्ताहरांमध्येसुद्धा खपवून घेतला नव्हता.

अशात सायकलच्या दुकानावर पाटी दिसली : ‘पारंपरिक जपानी कराटे. वयाची अट नाही.’ माझं पित्त खवळलं. उद्या म्हणाल, गुडघ्यांचीही अट नाही! यांचं बिंग फोडायचंच म्हणून तरातरा जिना चढलो. (छापणार कुठे होतो, ते विचारू नका. निवृत्त होऊन चार वर्षं झाली.)

शिकवणाऱ्या बाई पेशाने दातांच्या डॉक्टर. सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरू म्हणत होते.

“चपला बाहेर. आणि आत येताना वाका.”

“कोणापुढे?”

“खोलीपुढे.”

“बाई, मी बातमीदार. मंत्र्यांपुढे वाकलो नाही!”

“खोली बरी हो. ती बातमी दाबायला सांगत नाही.”

वाकलो. (सरळ करायला दोघं लागले.)

तिथे उठता-बसता एकच शब्द : “ओस!” समजलं, ओस. नमस्कार, ओस. पाय मोडला तरी ओस.

“म्हणजे काय?” मी विचारलं.

“सोसायचं आणि पुढे सरकायचं.”

“आमच्या भाषेत ओस म्हणजे जिथे चिटपाखरू नाही ते.”

“मग तुम्हाला सराव असेल,” त्या म्हणाल्या. हे त्यांना कोणी सांगितलं, देव जाणे. मी मुकाट्याने पांढरा पट्टा बांधला.

पुढे त्यांनी काता शिकवला. काता म्हणजे ठरलेल्या हालचाली. एकट्याने करायच्या. शत्रू काल्पनिक. तो वार करतो, आपण अडवतो. हे मला इतकं चटकन जमलं की त्याही चकित झाल्या. चाळीस दिवस मी घरी दुसरं काय करत होतो? आणि वर तत्त्वज्ञान असं की कराटेत पहिला वार आपला नसतो. मी तर खूशच झालो.

“म्हणूनच मी बायकोला फोन करत नाही.”

सेन्सेई माझ्याकडे दाढ बघावी तशा बघत राहिल्या. “फोन हा वार आहे?”

मला सवय प्रश्न विचारायची, उत्तरं द्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात काता करताना मागे मारायची लाथ फ्रिजला बसली. त्याने एक आचका दिला आणि गप्प झाला. घरात इतकी शांतता झाली की मला माझाच श्वास परक्याचा वाटला. अंगठा चोळत मी ओट्याला टेकून बसलो. मग फोन लावला.

वाक्यं तयार होती. मुद्देसूद. तिचा “हॅलो” ऐकला आणि सगळी पळाली. तोंडातून सवयीने एकच निघालं :

“ओस!”

“काय?”

“ओस.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग हळूच, “किती?”

जन्मभर लोकांना खुलासे द्यायला लावणारा मी. तिथे खुलासा देता आला असता.

“फार,” मी म्हणालो.

“शनिवारी येते.”

शनिवारी आली. पिशवी ठेवायच्या आधी फ्रिजच्या मागे वाकून निघालेला प्लग लावला. तो लगेच घुमायला लागला.

“प्लग बघायचा होतात.”

मला राहवेना. “अगं, ते ओस जपानी होतं.”

“असू दे. मराठीत तुम्ही मेलात तरी म्हणाला नसतात.”

“काता दाखवू?” म्हटलं.

“दाखवा. शत्रू कुठून येतो?”

“पहिला डावीकडून. स्वयंपाकघराच्या दारातून.”

“तिथून तर मी येते.” ती दारात जाऊन उभी राहिली. “हं, आले.”

मी पाय रोवले, डावा हात वर आडवा धरला. शास्त्रशुद्ध बचाव! तिने दोन बोटांनी तो बाजूला केला आणि चहाचं आधण ठेवायला निघून गेली.

सोमवारी मी सेन्सेईंकडे तक्रार नेली.

“समोरच्याचा पट्टा कोणता?” त्यांनी विचारलं.

“पट्टा नाही. बत्तीस वर्षांचा संसार आहे.”

“मग एकच हात काय वर करता?” त्या म्हणाल्या. “दोन्ही करायचे.”