शिंकणारा ब्लोअर

टोपी घालण्याच्या कामात माझा हात धरणारा आमच्या कारखान्यात जन्माला यायचाय! कपडे रंगवायच्या त्या कारखान्यात मी बावीस वर्षं वायरमन आहे. ह्या बावीस वर्षांत मी पॅकिंगवाल्याला रिकाम्या खोक्यांना तीन दिवस कुलूप लावायला लावलंय. साहेबांच्या केबिनची बेल मुतारीत नेऊन जोडलीय. आणि एकदाही सापडलो नाही. कधी कुणाला संशय आलाच, तरी पुरावा? तो मी कधी ठेवत नाही!

तर माझ्या ह्या कलेतून एकच माणूस सुटला होता. माझे भाऊजी. ताईचा नवरा.

भाऊजी आमच्याच कारखान्यात टाकीवाले. म्हणजे काय, तर रंगाचं घाण पाणी एका दोनमजली टाकीत जातं. त्या टाकीत असतात जिवाणू. भाऊजी त्यांना 'पोरं' म्हणतात. "डोळ्यांना दिसत नाहीत, पण रंग, साबण, खळ, समोर येईल ते खातात रे! आपण घाण करायची आणि ह्यांनी निस्तरायची. मागतात काय, तर फक्त हवा." ती हवा खालच्या खोलीतला ब्लोअर टाकीत सोडतो. दिवसरात्र. टाकी व्हायच्या आधी मागचा ओढा बघून कळायचं आज कारखान्यात कुठला रंग चाललाय. सोमवारी लाल, मंगळवारी जांभळा! आता त्यात बोटभर मासे फिरतात. भाऊजी जेवणाच्या सुट्टीत ते मासे बघायला जातात, लोक नातवंडं बघायला जातात तसे.

सगळं छान. फक्त भाऊजींना एक घमेंड होती. टाकीचा जिना चढून पाणी बघायला गुडघे देत नव्हते, म्हणून ते ब्लोअरच्या भिंतीपलीकडे खुर्ची टाकून बसायचे आणि म्हणायचे, "मला वर चढायची गरजच नाही. ब्लोअरचा सूर केसभर हलला तरी झोपेत कळतं मला!"

झोपेत! हे वाक्य ऐकलं आणि माझे हात शिवशिवले.

बेत साधा होता. ब्लोअरचा आवाज मोबाइलवर सहा मिनिटं रेकॉर्ड केला. मधेच मला शिंक आली, तीही रेकॉर्ड झाली. म्हटलं, जाऊ दे, एवढ्या घरघरीत कोण ऐकतंय! पेनड्राइव्हवर चढवला, मोठ्या स्पीकरला लावला, पुन्हा पुन्हा वाजत राहील असं केलं. शनिवारी दोन वाजता कारखाना सुटला. मी ब्लोअरच्या खोलीत शिरलो, बंद पडल्यावर बोंबलणाऱ्या हूटरची वायर काढली, स्पीकर चालू, ब्लोअर बंद! भिंतीपलीकडे भाऊजी डोळे मिटून बसलेले. पापणीसुद्धा हलली नाही.

पंधरा मिनिटांनी जाऊन म्हणणार होतो, "काय भाऊजी, केसभर?" आणि दहाव्या मिनिटाला ताईचा फोन.

"अरे, घरची पाण्याची मोटर जळल्याचा वास येतोय! गच्चीवरच्या टाकीत थेंब नाही! आधी इकडे ये!"

गेलो. मोटर उघडली. तासभर खपलो. मग ताईने जेवायला बसवलं. मग पोट जड झालं. मग आडवा झालो. रविवारी साडूकडे साखरपुडा होता, तिथे मी नवऱ्या मुलाचे बूट लपवण्यात गुंतलो. थोडक्यात काय, स्पीकर डोक्यातून साफ गेला!

सोमवारी सकाळी फाटकापाशीच वास आला. हजार अंडी उन्हात नासल्यासारखा! तेव्हा कुठे स्पीकर आठवला! धावलो. स्पीकर काखेत, हूटरची वायर जागेवर, ब्लोअर चालू. जिना चढून वर डोकावलो. चहासारखं तपकिरी असायचं ते पाणी काळं ठिक्कर! पेनड्राइव्ह आणि मोबाइलवरचं रेकॉर्डिंग तिथल्या तिथे साफ पुसलं. सवय हो, दुसरं काय.

आठ वाजता साहेब नाकाला रुमाल लावून आले. त्यांनी पॅनलवरचा तासांचा मीटर बघितला. ब्लोअर किती तास चालला ते त्यावर येतं.

"एक्केचाळीस तास बंद होता हा! आणि तुम्ही वहीत लिहिलंय, रविवार, ब्लोअर चालू?"

"चालूच होता साहेब! दोन तास बसून ऐकलाय मी!" भाऊजी म्हणाले. मग जरा थांबून, "फक्त... मधूनमधून शिंकत होता."

साहेबांनी नाकावरचा रुमाल खाली घेतला.

"कोण शिंकत होतं?"

"ब्लोअर. दर सहा मिनिटांनी."

पॅकिंगवाला फिस्सकन हसला. आयुष्यात पहिल्यांदा मला हसू आलं नाही.

साहेब मऊ आवाजात म्हणाले, "हे बघा, एक तर तुम्ही खोटं लिहिलंय, नाहीतर..."

"खोटं मी लिहीत नाही साहेब." भाऊजींनी स्वतःच्या कानाला हात लावला. "मग माझे कानच गेले असणार."

रंगकाम बंद. पोरं मेलेली असताना पाणी ओढ्यात सोडणार कसं? आणि साहेबांनी ठरवलं, भाऊजींना टाकीवरून काढायचं. उद्यापासून फाटकावर बसायचं, गाड्यांचे नंबर लिहायचे. भाऊजींनी टाकीची किल्ली टेबलावर ठेवली. वाकून, हळू. जणू पोर झोपलंय आणि खाली ठेवायचंय.

तेव्हा तरी बोलायचं! नाही बोललो.

दुपारी ताई त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. गाडी कोण चालवणार? मीच!

डॉक्टर तपासून म्हणाले, "कान विशीतल्या पोराचे आहेत. उत्तम! काय ऐकू आलं होतं म्हणालात?"

"ब्लोअरची शिंक."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ताईकडे बघितलं. आणि मेंदूच्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी लिहिली.

बाहेर बाकावर ताई पदर तोंडाला लावून रडायला लागली आणि माझा बांध फुटला.

"ताई, मी केलं! स्पीकर लावला होता! शिंक माझी होती!"

ताईने माझ्या गालावरून हात फिरवला. "वेडा रे! ह्यांना बरं वाटावं म्हणून काहीही बोलतोस!"

"अगं, शप्पथ!"

भाऊजी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नको रे. माझ्यासाठी अंगावर घेऊ नकोस. तुला पोरंबाळं आहेत."

जमीन दुभंगावी असं म्हणतात ना? मी खाली बघितलं. फरशी पक्की होती.

दोघांना घेऊन थेट साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो. सगळं सांगितलं. साहेब भारावले!

"असा मेव्हणा नशिबाने मिळतो! पण पुरावा काय?"

"पुसला साहेब."

"अच्छा!" साहेब समजूतदार हसले.

बावीस वर्षं खोटं बोललो तर सगळ्यांनी विश्वास ठेवला, आणि एकदा खरं बोललो तर माझं कौतुक चाललंय!

मग मी म्हटलं, "साहेब, भाऊजींना भिंतीकडे तोंड करून उभं करा. आम्ही दहा जण ओळीने शिंकतो. कान आणि डोकं, दोन्ही तपासून घ्या!"

झालं. अंगणात ओळ लागली. प्रत्येकाने कागदाची सुरळी करून नाकात घातली.

"हाक्छी!"

"पॅकिंगवाला," भाऊजी पाठमोरेच म्हणाले. "सर्दी आहे. औषध घे. पण हा नव्हे."

"फिच्च!"

"शिवणवाल्या बाई. ही नव्हे."

"आँऽऽछू!"

"हे साहेब. माफ करा साहेब, तुम्हीपण नव्हे."

साहेब ओशाळले. त्यांना कुणी शिंकायला सांगितलं नव्हतं.

माझा नंबर सातवा. माझी शिंक म्हणजे, दोन वेळा हूल देते, तिसऱ्यांदा येते आणि शेवटी शिट्टी वाजते. सुरळी घातली. एक हूल. दुसरी हूल. आली! शिट्टीसकट!

भाऊजींची पाठ ताठ झाली.

"हाच," ते म्हणाले. "हाच ब्लोअर."

ताईने चप्पल काढली होती. पण भाऊजी वळले आणि त्यांचा चेहरा बघून तिने ती परत घातली. ओरडले असते तर बरं झालं असतं हो! ते फक्त म्हणाले, "एक्केचाळीस तास गुदमरली रे ती पोरं."

साहेबांनी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि मला त्यांच्या हाताखाली. शेजारच्या कारखान्याच्या टाकीतून जिवंत गाळ आणायचा, विरजण लावतात तसा आपल्या टाकीत सोडायचा. चाळीस कॅन मी माझ्याच गाडीतून आणले. वाटेत त्यांना श्वास मिळावा म्हणून माशांच्या पेटीचा पंप लावून. एक कॅन मागच्या सीटवर सांडला. बायको अजून त्या गाडीत बसत नाही. प्रत्येक कॅन खांद्यावर घेऊन तो जिना चढलो. रोज पोरांना खायला साखरेचं पाणी आणि युरिया, मापात. भाऊजी शिकवायचे सगळं, पण कामापुरतंच बोलायचे. पूर्वी मला बघून हसायचे, ते बंद.

एकोणिसाव्या दिवशी ते गुडघा धरून स्वतः वर आले. ग्लासभर पाणी काढून माझ्या नाकाखाली धरलं. ओल्या मातीचा वास! तपकिरी गाळ शहाण्यासारखा खाली बसत होता आणि वर पाणी नितळ.

"जगली," भाऊजी म्हणाले.

मला काय झालं कुणास ठाऊक. टाकीचा कठडा धरून मी ढसाढसा रडायला लागलो. "भाऊजी, चुकलो हो! मला माफ..."

भाऊजींनी माझी कॉलर धरून मला मागे ओढलं.

"टाकीत रडू नकोस. मीठ सोसत नाही त्यांना."

मग मी जिन्यात जाऊन रडलो.