आकाशी रथाचे डावे दार

श्रीगजानन रस्त्यावरचे खड्डे चुकवो आणि ऐकणाराचे टायर शाबूत राखो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्षातील एका धुकट रविवारी जे जाहले ते लिहितो. लिहिणार राणीसाहेबांचा भाऊ. मागील आसनी बसोन सर्व डोळां पाहिले. नाव विचारो नये.

त्या राज्यी अविनाशराजे म्हणोन राजे होते, स्वभावे भले, परंतु चालताना सदा पुढे. राणी मृणालिनीबाई मागे येताहेत की बाजारातच राहिल्या, हे घरचे कुलूप काढताना बघणार. त्यांचे मनी रथ घ्यावा ऐसे आले, आणि नवा रथ खजिन्यास झेपेना, मग वापरलेला पाहावा ऐसी मसलत ठरली. प्रथम स्वारी रथांच्या दुकानी गेली. तेथील व्यापारी साखरेहून गोड; जो रथ दाखवी तो पूर्वी एका डॉक्टरीणबाईंचा आणि घर ते दवाखाना इतकाच चाललेला ऐसे शपथेवर सांगे. राणीसाहेब म्हणाल्या, "एवढ्या डॉक्टरीणबाई या गावात असत्या ना, तर मला अंगात ताप घेऊन रांगेत बसावं लागलं नसतं." मग स्वारी तेथोन निघाली.

पुढे तळ्याकाठी भालचंद्रपंत म्हणोन वृद्ध गृहस्थ राहात, त्यांचा आकाशी रंगाचा रथ विकणे आहे ऐसी खबर लागली. पंतांचे कुटुंब कुमुदबाई मागल्या साली कैलासवासी जाहल्या, आणि पंतांचे गुडघे क्लच दाबो देईनात, आणि लेकाने समुद्रापार आपणापाशी राहावयास बोलाविले. रथ दिल्यावाचून निघता येईना, आणि रथ कोणास देववेना. येईल ते गिऱ्हाईक चहा पिऊन परत जाई. एकाने टायरास लाथ मारोन पाहिली म्हणोन, दुसरियाने तोंडातून 'भंगार' शब्द काढिला म्हणोन. लेक रोज फोनवर विचारी, "बाबा, गेली का गाडी?" आणि पंत सांगत, "माणूस बघतोय रे, माणूस."

ऐसियात आमची स्वारी पोहोचली. राजियांनी रथास प्रदक्षिणा घातली, बॉनेट उघडोन, आतले ओ की ठो कळत नसता, हुं हुं केले, आणि मग डावे दार आतून उघडेना हे ध्यानी येताच घबाड गवसल्यासारिखे म्हणाले, "काका, हे दार बिघडलंय. दुरुस्तीचे तेवढे कमी करा." पंतांचा चेहरा खर्रकन उतरला. "बिघडलेलं नाहीये ते," म्हणाले, "राहू द्या. तुम्हांला नाही जमायची ही गाडी." आणि किल्ली खिशात गेली. राजे आ वासोन उभे. मग राणीसाहेब मऊ आवाजे बोलिल्या, "काका, आलोच आहोत तर एक चक्कर मारू या का? मला हा रंग फार आवडलाय हो." पंतांनी त्यांजकडे अंमळ पाहिले, आणि किल्ली पुन्हा बाहेर आली.

राजे चाकामागे बसले, ताई आणि आम्ही मागे, आमचे गुडघे हनुवटीस टेकले; आणि पंत डावीकडे बसले. इतकी वर्षे रथ हाकिला, परंतु त्या आसनी ते कधी बसलेच नव्हते. धुके ऐसे दाट की रथ पुढे जातो की तळेच मागे सरते हे कळेना, आणि बगळे दिसत आणि विरत, आणि राजियांनीही प्रथमच रथ हळू हाकिला. मग पंत झोपेत बोलावे तैसे बोलो लागले. "इथे बसून ती सारखी म्हणायची, अहो बघा ना, बघा ना. मी म्हणायचो, मला रस्ता बघू दे. म्हणायची, पाण्यात देऊळ आहे. मी म्हणायचो, दिवसाढवळ्या स्वप्नं पडतात तुला." इतक्यात वळण आले आणि धुके जरासे फाटले, आणि पलीकडील टेकडीचे पांढरे देऊळ तळ्यात उलटे उतरले होते, कळस तळाशी आणि भगवे निशाण पाण्यात हलते. राजे रस्ता धरोन बसलेले, म्हणाले, "कुठे? कुठे?" त्यांस काही दिसेना. पंतांनी काचेस हात लाविला. "आहे," म्हणाले, "अगं, आहे की गं!" आणि ढळढळा रडले. आम्हांसही रडू आले, लपवीत नाही.

परतताना पंत म्हणाले, "दाराला मेकॅनिक आणला होता मी. तीच म्हणाली, राहू द्या. तेवढंच तुम्ही फिरून येता माझ्यासाठी."

मग रथ पंतांच्या दारी थांबला. राजे उतरोन सवयीने तरातरा पुढे निघाले आणि फाटकाशी गेले, आणि तेथे काय मनी आले न कळे, थबकले आणि मागे पाहिले. पंत आत बसलेले, हात मांडीवर, वाट पाहात. राजे फिरोन आले आणि दार उघडिले. पंत लगेच उतरले नाहीत. "असं वाटायचं होय तिला," ऐसे आपणाशीच बोलिले, आणि राजियांचे हाती किल्ली ठेविली. "न्या. दार तेवढं..."

"नाही करत दुरुस्त, काका."

मग पंतांनी बॉनेटास हळदकुंकू लाविले, टपावर हात ठेविला, आणि रथ वळेपर्यंत फाटकाशी उभे राहिले.

येणेप्रमाणे रथ आमचे राज्यी आला आणि पंत समुद्रापार सुखरूप गेले. डावे दार अद्याप आतून उघडत नाही. घर आले तरी राणीसाहेब घाई करीत नाहीत, बसोन राहातात, आणि राजे फिरोन येतात. मागील दारे उत्तम चालतात. आम्ही आमचे उतरतो.