काळी भिंत आणि तुळशीचे माहेरपण

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख मासी, तिसरे मजल्यावरील राज्यावर काळ्या गनिमाची स्वारी जाहली, ते समयी सूनबाई केतकीबाईसाहेब यांणी जो पराक्रम केला तो घडला तैसा लिहिला असे, पदरचे काही घातले नाही. राज्य लहान, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक सज्जा, परंतु मातोश्री अनसूयाबाई यांचे हुकमाविना पातेल्यावरचे झाकणही हलत नसे. मातोश्रींस दम्याची व्यथा. धूळ सोसेना म्हणोन खिडक्या बंद, आणि खिडक्या बंद म्हणोन उकाडा, मग चिरंजीव हेरंबराव यांणी मातोश्रींचे खोलीचे खिडकीत एसी बसविला. त्याचे पाणी वाया जाते हे मातोश्रींस पाहवेना, म्हणोन नळी लावोन ते सज्जातील तुळशीस सोडिले. आणि कार्तिकात तुळशीचे लग्न थाटाने लागले, तेव्हां कुंडी उंच तिवईवर बैसविली आणि नळीही तिजबरोबर वर चढविली. लग्न उरकले, परंतु मातोश्री बोलिल्या की लेक सासरी बैसली, आता तीस उठवू नये. मग उठवितो कोण?

उन्हाळा आला, एसी अष्टौप्रहर चालो लागला, आणि मातोश्रींचे उशाकडील भिंतीवर बुरशी उगवली. आधी ठिपका, मग अर्धी भिंत काळी. मातोश्रींस धाप लागे, बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडीत, आणि डॉक्टरांनी बजाविले की बुरशी हटली नाही तर इस्पितळ गाठावे लागेल. केतकीबाईंनी माहेरी जावयास बॅग भरिली होती, ती मुकाट्याने रिकामी केली. हेरंबराव शूर खरे, त्यांणी रंगाचा डबा आणोन भिंत पांढरीशुभ्र केली आणि मिशांवर ताव मारिला. रोग रेड्यास आणि औषध पखालीस! गनीम रंग फोडोन दुप्पट बळाने बाहेर आला, आणि मग रावांनी त्याजवर दिनदर्शिका टांगिली.

केतकीबाई धोरणी. भिंतीस हात लावोन पाहिला, ओल खिडकीखालून उतरते हे जाणिले, नळीचा माग काढीत सज्जात गेल्या, तो नळीचे तोंड एसीहून वर! पाणी चढ चढते थोडेच, ते उलटे फिरोन भिंतीत मुरत होते. बाईंनी अर्ज केला की तुळस खाली घ्यावी. मातोश्री धापा टाकीत बोलिल्या, "माझा श्वास गेला तरी चालेल. लेकीला सासरहून उठवायची नाही." हेरंबराव खाली मान घालोन मोबाइल पाहात बैसले. दुसरी कोणी असती तर कडाडली असती, नाही तर पाठीमागे कुंडी हलविती. बाईंनी दोन्ही केले नाही. मातोश्रींचे पायाशी बैसल्या आणि म्हणाल्या, "आई, कार्तिकापासून सासरी आहे ती. वैशाखात लेकी माहेरी येतात. तिला आणायचं नाही का?"

वाहवा बाई! तुमची मसलत धन्य. मातोश्री उठल्या, भिंत धरधरोन सज्जात आल्या, तुळशीची ओटी भरिली, आणि हेरंबरावांकरवी कुंडी जमिनीवर उतरविली. नळीतून घळाघळा पाणी आले. मग बाईंनी मातोश्रींचा मुक्काम दुसरे खोलीत हलविला, खिडक्या उघडिल्या, नाकातोंडास पट्टी बांधिली, आणि साबणसोड्याच्या पाण्याने बुरशी पुसोन काढिली, कुजका गिलावा पाडविला, पंखा लावोन भिंत आतपर्यंत वाळविली आणि मगच रंगाचे नाव घेतले. ज्येष्ठ लागला तो मातोश्रींनी अवघी आरती एका दमात म्हटली, तेव्हां बाईंचे डोळे भरोन आले.

पुढे एके सकाळी तुळशीस पाणी घालता घालता मातोश्री थबकल्या आणि बोलिल्या, "केतकी, हिला आणलं माहेरी. आणि तुझं गं?" मग मातोश्रींनी बाईंची बॅग काढिली आणि स्वहस्ते भरिली.

सारांश, भिंत कोरडी, श्वास मोकळा, तुळस माहेरी, सून माहेरी. हेरंबराव स्वयंपाकघरात असतात आणि मातोश्री मुकाट्याने जेवितात.