पाचव्या हाताचा चौसर

सुपडाजी शिंप्याकडे कापड टाकलं की सदरा मिळायचा महिन्यानं, पण खेळ मिळायचा ताबडतोब. माप घेता घेताच ते टेप गळ्यात अडकवून विचारायचे, "गुर्जी, घाई नाई ना? बसा मंग. एक डाव पाहू." घाई आहे म्हणणाऱ्याचं माप ते पुन्हा घ्यायचे, आणि दर वेळी ते निराळंच निघायचं. शेवटी गिऱ्हाईक मुकाट्यानं मांडी घालायचं.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी मी मास्तर म्हणून मंगरूळपीरला आलो आणि त्यांच्या दुकानाला लागून खोली घेतली. ही माझी पहिली चूक. आपल्याला चौसर खेळता येतो हे बोलून बसलो, ही दुसरी.

खेळ म्हणजे सुपडाजींनी स्वतः काढलेले. पण उगाच हवेतून नव्हे. त्यामागं सिद्धांत होता. "तुमी मले मापाले जुना सदरा देता. मी थो उसवतो काय? नाई. त्याचं माप घेतो अन् नवा शिवतो. खेळाचंबी तसंच हाय. जुना जुन्या जागी राह्यला पाह्यजे, अन् त्याच्या मापाचा नवा निंघाला पाह्यजे."

सापशिडी शंभरावर संपते याचा त्यांना भारी राग. "शंभरावर पोचला, मंग काय तठीच बसून राह्यचं, पेन्शनीवर?" म्हणून त्यांनी गादीच्या कापडावर आणखी शंभर घरं शिवली. आम्ही दुपारी बसलो. दिवेलागणीला मी एकशे त्रेसष्टवर होतो, आणि तिथल्या सापानं मला थेट बारावर आणून सोडलं. त्यानंतर चार दिवस मी मागच्या दारानं ये-जा केली.

मग वाघ-बकरीत त्यांनी कुत्रा आणला. हा कुत्रा मारत नसे, मरत नसे, नुसता मधोमध बसून राही. तीन दिवस ना वाघाला काही खाता आलं, ना बकऱ्यांना हलता आलं. "कुत्रं जरा जास्तच इमानदार झालं," असं म्हणून त्यांनी त्याला काढून टाकलं.

समोरच्या कापडवाल्या शांतिलालशेटजींनी एकदा अकोल्याहून पोरांसाठी सापशिडीचा नवा पुठ्ठा आणला. सुपडाजींनी तो उलटापालटा करून पाहिला. "साप नवे हायेत, रंग नवा हाय. खेळ थोच! याले शिवनं नाई म्हनत शेटजी, रफू म्हन्तेत." दुसरा एक खेळ होता चकरी फिरवायचा. त्याकडे पाहून म्हणाले, "अन् हा कोनाचा कोन? याले मायबापच नाई." शेटजी म्हणाले, "अरे बापा, आधी माझ्या पडद्यांचं काय झालं ते सांग!"

नवा खेळ चांगला की वाईट, याची त्यांची कसोटी ठरलेली होती. "तीन डावांत म्हाताऱ्यानं वळखला पाह्यजे, अन् चवथ्या डावात थो फसला पाह्यजे."

पण हे सगळं येता-जाता. त्यांचं खरं काम एकच, आणि ते माझ्या आधीपासून सात-आठ वर्षं चाललेलं. चौसराचा कापडी पट फुलीसारखा असतो. चार हात, चार खेळणारे, समोरासमोरचे दोघं एकमेकांचे भिडू. सुपडाजी पाच हातांचा चौसर शिवत होते. मधे पाच तिरपे तुकडे जुळवताना कापडाला झोळ पडे. उसव, शिव, पुन्हा उसव. माझ्या कोटाचं अस्तर त्यात गेलं. काळ्या, पिवळ्या, लाल, हिरव्या सोंगट्या जुन्याच होत्या. पाचव्या हाताला त्यांनी पांढरी बटणं घेतली होती.

"पण पाचवा हात कशाला, सुपडाजी?" मी विचारायचो.

"लागते," एवढंच उत्तर. जो माणूस काजं कशी करता म्हणून विचारलं तर तासभर बोलायचा, तो इथं एका शब्दावर थांबायचा. मला मोठं नवल वाटायचं.

या पटाला मंजुरी हवी होती ती दादांची, म्हणजे रिसोडला राहणाऱ्या थोरल्या भावाची. वडिलांचं घर सुपडाजींकडं होतं, म्हणून अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, चौघं थोरले भाऊ तिथं जमत, पितरांचं जेवण झालं की चौसर मांडत. पहिल्या वर्षी सुपडाजींनी नवा पट दाखवला तेव्हा दादांनी एकच विचारलं, "चौघांत समोरचा आपला भिडू. पाचवा कोनाचा?" आणि घडी घालून परत दिला. तेव्हापासून दर अखाजीला सुपडाजी नवा नियम घेऊन जात आणि दादा मान हलवत.

मी म्हटलं, "पाचव्याला एकटाच खेळू द्या की."

सुपडाजी भडकलेच. "एकटंच खेळाचं तं मंग खेळाले बसाचं कायले?"

पौषात एका सकाळी मी दाढी करत असताना ते धावत आले. "गुर्जी, सापडलं! ज्याच्या सोंगट्या सगळ्याइच्या मांगं, पाचवा त्याचा! डाव फिरला का भिडू फिरला." आम्ही शेटजींना आणि त्यांच्या दोन्ही मुनिमांना बसवलं. तीन डावांत मला चौसर ओळखू आला, चौथ्यात मी सपशेल फसलो. शेटजी पडदे विसरले. "या अखाजीले दादाले बसवतोच," सुपडाजी म्हणाले. पत्र मात्र लिहीनात. समोर बसूनच सांगायचं होतं त्यांना.

माघात दादा गेले.

तेरा दिवसांनी दुकान उघडलं, आणि सुपडाजी कपडे वेळेवर द्यायला लागले. माझा सदरा चौथ्या दिवशी हातात आला तेव्हा मला भीतीच वाटली.

दर वर्षी सुटीत मी गावी जायचो. त्या अखाजीला थांबलो. सुपडाजींनी जेवायला बोलावलं होतं. तिघं भाऊ आले होते. आंबरस झाला, आणि मानोऱ्याला राहणाऱ्या दोन नंबरच्या भावानं खुंटीवरचा जुना पट काढून अंथरला. "ये सुपड्या, आता तू बस. जागा झाली."

मग मला म्हणाला, "गुर्जी, लहानपनी आमी याले कधी खेळूच देल्लं नाई. चौसराले हात चार अन् आमी भाऊ पाच. हा बाजूनं बसे अन् लोळलेल्या कवड्या उचलून दे. दादाच्या कवड्या लय दूर जात."

पन्नाशीच्या त्या माणसासमोर त्याची जागा आयती अंथरून ठेवली होती. फक्त बसायचं होतं.

सुपडाजी बसले नाहीत. त्यांनी जुन्या पटाची नीट घडी घातली, आपला पट आणून पसरला आणि एका हातावर दादांच्या काळ्या सोंगट्या मांडल्या.

"अरे, पन दादाच्या कवड्या कोन टाकीन?"

"मीच टाकतो," सुपडाजी म्हणाले. "मलेच उचला लागत होत्या."

सुरुवातीपासून काळ्या सोंगट्या मागं पडल्या, म्हणून नियमानं सुपडाजी दादांचे भिडू झाले. पुढं डाव फिरून भिडू फिरला तरी दादांना वाट करून देण्यापायी ते स्वतःच्या सोंगट्या बेधडक मारून घेत होते. तीन डावांत भावांना चौसर ओळखू आला. चौथ्यात मानोऱ्याचा भाऊ असा फसला की त्यानं कपाळावर हात मारला, आणि सगळे हसले. संध्याकाळी काळ्या चारही सोंगट्या सगळ्यांच्या आधी घरात पोचल्या. पांढरी दोन बटणं बाहेरच राहिली.

"काऊन बे सुपड्या, दादाले जितवलं अन् तू हारला?"

सुपडाजींनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "हारलो तं हारलो, भाऊ. पन आज आपून पाचईजन खेळलो ना."