गोंदापासून एक वीत वर

मंडळी, एखादी गोष्ट डोक्यात शिरत नसेल तर ती मी शिरवून दाखवतो! तत्त्व कितीही अवघड असो, त्याला दृष्टांत द्या, की ते गळ्याखाली उतरलंच म्हणून समजा. आयुष्यभर कीर्तनातली निरूपणं ऐकून मी एवढं नक्की शिकलोय. धंदा माझा सोफे-खुर्च्या शिवायचा, पण कान कायम निरूपणाकडे!

म्हणून भाची जेव्हा माझ्या कारखान्यात येऊन लाकडाच्या भुशात बसून रडायला लागली, तेव्हा मी हातातली सुई खाली ठेवली.

"मामा, यांत्रिकीचा पेपर परवा आहे. दोनदा नापास झालेय. या वेळी गेला तर कॉलेजातून नाव कमी करणार!"

"अडतंय कुठे?"

"इंटिग्रेशन. करते मी, पण खरं वाटत नाही. कागदावरच्या त्या आकड्यांप्रमाणे जगात काही घडत असेल, यावर विश्वासच बसत नाही."

विश्वास! हा तर माझा प्रांत!

"असं कर, एखादं गणित सांग. आपण ते इथेच घडवू."

ती नाक पुसत म्हणाली, "तुळईला स्प्रिंग, स्प्रिंगला पाट, पाटावर माणूस. एकदम सोडला तर तो किती खाली येऊन थांबेल?"

कारखान्यात तुळई होती. जुन्या झोपाळ्याची मनगटाएवढी जाड स्प्रिंग होती. पाट होता. माणूस म्हणजे अर्थातच मी! पाट दोरीने वर बांधला आणि मी शिडीवरून त्यावर जाऊन बसलो. पोरीने लोखंडी वजनं टांगून स्प्रिंगचा ताण आधीच मोजून घेतला होता.

"मामा, तुमचं वजन?"

"बासष्ट," मी म्हणालो.

तिने पान भरून गणित केलं. "बरोब्बर एक मीटर खाली याल. पण मामा, खाली गोंदाचा टब आहे! हलवू या का?"

"टब पाटापासून किती खाली?"

"गोंदाचा पृष्ठभाग एक मीटर वीस सेंटिमीटरवर. म्हणजे एक वीत वर थांबाल."

"मग हलवायचा कशाला? तुझा गणितावर विश्वास नाही, माझा आहे! काप दोरी!"

तिने डोळे मिटून कात्री चालवली.

मंडळी, मी एक वीत वर थांबलो नाही. मी थांबलोच नाही! तुळई वर गेली, छत वर गेलं, भाचीचा चेहरा वर गेला आणि 'पच्च' असा आवाज झाला. मग मी वर! मग पुन्हा पच्च! तोंडून "देवा रे" निघालं, तेही खाली जाताना खर्जात आणि वर येताना टिपेत! पाचव्या फेरीनंतर मी टबाच्या वर मंदावत लोंबकळत राहिलो, आणि पाट, पँट व मी असे तिघे एकजीव झालो.

एवढ्यात मामी, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, चहा घेऊन आल्या. कपबशी हातातच राहिली.

"हे काय चाललंय?"

"अभ्यास," मी टबावर लोंबकळत म्हणालो.

पण भाची? ती पांढरीफटक पडली होती. मला वाचवायचं सोडून कागदाकडे बघत होती.

"चुकलं, मामी! तीनदा तपासलं होतं तरी चुकलं! सगळं इंटिग्रेशन खोटं आहे! मी परवा पेपरला बसतच नाही." आणि तिने पुस्तक मिटून पिशवीत टाकलं.

पोरीचा विश्वास बसवायला निघालेला मी, उरलेलाही घालवून बसलो होतो!

"अगं, ऐक," मी घसा खाकरला. "बासष्ट... लग्नातलं होतं. आता सत्तर धर."

मामींनी चहा खाली ठेवला.

भाचीने पेन काढलं. खरड खरड खरड. "सत्तरलाही चार बोटं कोरडे राहताय, मामा!"

"बरं, बहात्तर."

"तरी कोरडेच!"

"अहो, खरं बोला!" मामी कडाडल्या. "पोरीच्या वर्षाचा प्रश्न आहे!"

"पंच्याहत्तर. देवाशप्पथ!"

भाची पट्टी घेऊन आली, मला पाटासकट कलतं करून पँटवरचा गोंदाचा डाग मोजला आणि उलटं गणित मांडलं. मामी तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होत्या. मी छताकडे.

"मामी," भाची हळूच म्हणाली, "त्र्याऐंशी."

वरून स्प्रिंग शेवटचं कुरकुरली.

"त्र्याऐंशी!" मामी मटकन स्टुलावर बसल्या. "आणि मी दहा वर्षं यांच्या अंगाला काही लागत नाही म्हणून तूप वाढतेय!"

भाची मात्र उड्या मारत होती. "गणित बरोबर होतं! सगळं बरोबर होतं! खोटे फक्त मामा होते!"

मग दोघींनी कात्रीने मला पँटमधून सोडवलं. सोडवताना मामींनी एकदाही जपून कापलं नाही.

परीक्षेत भाची पास झाली, तीही चांगल्या मार्कांनी. घरी आल्यावर तिने सांगितलं, की पहिल्याच उदाहरणात माणसाचं वस्तुमान दिलं होतं आणि उत्तर सुरू करण्याआधी तिने पेपरात एक ओळ लिहिली होती: 'हा आकडा माणसाने स्वतः सांगितलेला नाही, असे मानू.'