महादेवकाकांची पाणबुडी

आमचे घरमालक महादेवकाका दर रविवारी सकाळी आठ वाजता लोकरीचा स्वेटर घालतात, अंगणातल्या लोखंडी टाकीत उतरतात आणि समुद्राच्या तळाशी जातात. हे अमरावतीत. एप्रिलमध्येसुद्धा.

समुद्राच्या सगळ्यात खोल जागी भयंकर थंडी असते, हे त्यांना मीच सांगितलं. मी बीएस्सी फिजिक्सला आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे कोणी काही विचारलं की मी पूर्ण आणि खरं उत्तर देते. ही सवय नडते. पुढच्याच रविवारी स्वेटर आला, आणि टाकीतून बाहेर निघताच काका माझ्यावर ओरडले, "तुह्या थंडीनं मले घामोया आल्या, फिजिक्स!"

माझं नाव सुवर्णा आहे. ते कधी वापरत नाहीत.

टाकी नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यातून भंगारात निघालेली. तिच्यात रंग कालवायचे. काकांनी कितीही घासली तरी ती आतून जांभळीच राहिली, त्यामुळे तळाशी जाऊन आलेले काका मागून जांभळे असतात. समोर वॉशिंग मशीनच्या दाराची गोल काच, हवेसाठी कुलरचा पंखा, आणि बोलायला एक प्लास्टिकचा पाइप. पाइपचं दुसरं टोक ओसरीवरच्या खुर्चीला बांधलंय, त्याला नरसाळं लावलंय. झाकणाची कडी आतून. खऱ्या पाणबुडीला तळ गाठायला काही तास लागतात. काका तासाभरात जाऊन येतात, कारण नऊला नळ येतो.

चाळीस वर्षं त्यांनी विहिरींतल्या जळालेल्या मोटरी काढल्या, नवी तार गुंडाळून भरल्या आणि परत सोडल्या. मोटर गाळात अडकली की कमरेला दोर बांधून स्वतः उतरायचे. बाकी मिस्त्र्यांचा दोर धरायला भाऊ असे, नाहीतर मोठा मुलगा. काकांचा भाऊ अकोल्याला, आणि त्यांना मूलबाळ नाही. त्यांच्या दोरावर शांताकाकू असत.

मी खोली घेतली तेव्हा काकू होत्या. रविवारी खुर्चीत बसून तांदूळ निवडता निवडता त्या नरसाळ्यात बोलायच्या.

"आला का तळ?"

"येऊ दे नं! तुह्या मायचं घर हाये का, निंगालो अन् पोचलो?"

"माह्या मायचं नाव काडाचं नाई. तथी जेवाले बसले का उठत नवते तुमी!"

पाण्यातून आवाजाला एवढ्या खोलातून वर यायला सात सेकंद लागतात, हेही मीच सांगितलं. मग प्रत्येक वाक्यानंतर सात सेकंद थांबणं आलं. काकू बोटांवर मोजायच्या. त्यांची उत्तरं तेव्हापासून जास्तच जोरदार झाली. विचार करायला वेळ मिळायचा ना.

वरच्या खोलीतल्या आम्ही तिघी मुली पोट धरून हसायचो. पण मला आतून रागही यायचा. हा माणूस चाळीस वर्षं असाच खेकसतो आणि ही बाई ते चालवून घेते! आमच्या घरी बायका आवाज चढवत नाहीत. मलाही जमत नाही. हजेरीला मी "येस सर" म्हणते ते सरांपर्यंत पोचत नाही, दोनदा माझी गैरहजेरी लागली आहे.

दिवाळीनंतर काकू आजारी पडल्या. दवाखान्यात दोन दिवस बेशुद्ध होत्या. मी डबा घेऊन गेले तर वॉर्डाच्या दारापर्यंत काकांचा आवाज येत होता.

"बोल नं वं! कावून चूप पडली? दे मले शिवी! दे नं!"

नर्सने त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. सगळा वॉर्ड बघत होता. बायको मरायला टेकली आहे आणि हा माणूस तिच्यावर ओरडतोय! मी डबा बाकावर ठेवला आणि परत आले. संध्याकाळी काकू गेल्या. त्यानंतर महिनाभर मी काकांशी बोलले नाही.

त्यांना ते कळलंही नसेल. ते सगळ्या जगावर तुटून पडत होते. दूधवाल्यावर, कावळ्यांवर, समोरच्यांच्या टीव्हीवर. रविवारी टाकीत बसून "वर कोन हाये?" असं रिकाम्या खुर्चीला विचारायचे, आणि उत्तर आलं नाही म्हणून खुर्चीवर चिडायचे.

एकदा त्यांनी मला जिन्यातच अडवलं आणि फोन तोंडापुढे धरला. एका छोट्या पाणबुडीचा व्हिडिओ होता. चालवणारा समुद्राच्या तळाशी पोचला होता आणि वरच्या जहाजाला हळू आवाजात काहीतरी सांगत होता.

"काय म्हनते थो?"

"सगळं ठीक आहे म्हणतो, काका."

"पाह्य त्याचा आवाज! पोथी वाचून राहिला का? इतक्या खाली जाऊन असा बोलन तं वरच्याइले कसं समजन का हा जिता हाये?"

"पण तो ठीक आहे असंच..."

"ठीक हाये म्हनते थोच पहिले मरते!"

मग जिन्यातच त्यांनी मला शिकवलं. जुन्या विहिरीच्या तळाला खराब हवा साचते. माणूस गुंगतो आणि त्याचं त्याला कळत नाही. "गुंगलेला मानूस साऱ्याले होय होय म्हनते. भांडाले अक्कल ठिकान्यावर लागते. म्हनून खालच्यानं भांडत राहाचं, अन् वरच्यानं त्याले चिडवत राहाचं. चूप झाला का वढा दोर!" फोन खिशात टाकून ते पुढे म्हणाले, "शांतानं एक डाव बी दोर चुकवला नाई."

मी खोलीत गेले, तरी वॉर्डातलं ते "दे मले शिवी!" कानात होतं. बाकावर ठेवलेला तो डबा आठवत होता.

शेजाऱ्यांनी तोपर्यंत अकोल्याला फोन केला होता. तिथे काकांचा पुतण्या राजेश असतो. म्हातारा रिकाम्या खुर्चीशी भांडतो, एक दिवस त्या टाकीतच राहील, असं त्यांनी कळवलं. मागच्या रविवारी राजेश छोटा ट्रक घेऊनच आला. टाकी भंगारात द्यायची आणि काकांना अकोल्याला न्यायचं.

"तथी फ्लॅट हाये काका. लिफ्ट हाये."

"लिफ्ट वर जाते बे! मले खाली जाचं हाये!"

असं म्हणून काकांनी स्वेटर चढवला, टाकीत उतरले आणि आतून कडी लावली. राजेश ओसरीवर उभा राहिला. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर होते.

नरसाळ्यातून आवाज आला. "उतरून राहिलो. वर कोन हाये?"

राजेश मला हळूच म्हणाला, "पाहा ताई, तुमीच सांगा. उद्या काही झालं तं?"

त्याचं चूक नव्हतं. उन्हं चढत होती, टाकी तापत होती.

"वर कोन हाये? मेले का सारे?"

मग काहीच नाही. पंखा तेवढा फिरत होता. मी सात मोजले. परत सात मोजले. राजेशने टाकीवर थाप मारली, झाकण ओढून पाहिलं, ते हललं नाही. त्याचा चेहरा उतरला.

मी खुर्चीत बसले आणि नरसाळं तोंडाशी धरलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. जे निघालं ते गावाकडच्या बोलीत निघालं, आणि इतक्या जोरात, की समोरच्यांनी टीव्ही बंद केला.

"आवाज द्या नं काका! कावून चूप बसले? स्वेटरात उकडून मराचं हाये का? अन् असं जांभयं बूड घेऊन जासान अकोल्याले, तं तथी लिफ्टीत कोनी उभं नाई करनार तुमाले!"

एक. दोन. तीन. मी बोटांवर मोजत होते. राजेश माझ्या बोटांकडे बघत होता. सातव्या बोटाला पाइपातून आवाज आला. बसलेला, ओला.

"आयकू आलं." मग खाकरणं. "भांडन कच्चं हाये तुह्यं. शांताची सर नाई."

"शिकवा मंग!" मी ओरडले.

या वेळी सातापेक्षा जास्त लागले.

"बोलत राह्य," काका म्हणाले.

राजेश रस्त्याकडे वळला. मग त्याने ट्रकवाल्याला हात हलवून जायला सांगितलं. नऊला नळ आला तेव्हा बादल्या त्यानेच भरल्या. मला खुर्चीतून उठता येत नव्हतं. काका अजून खालीच होते, आणि आमचं भांडण आता कुठे रंगात येत होतं.