गरुडाचं दही

मार्च महिन्यात अंगात स्वेटर, वर पंखा बंद आणि खाली घामाने निथळणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी दरवर्षी पाहायचो. आमच्या शेजारचे रंगनाथभाऊ, अंबडच्या एका कारखान्यातले फिटर. गोष्ट नव्वद-पंच्याण्णवची.

"भाऊ, पंखा लावा की," मी म्हणायचो.

"पावणा अजून हाय. पावणा हाय तंवर थंडी हाय."

पावणा म्हणजे गरुड. निफाडकडच्या पाणथळीवर थंडीत उत्तरेकडून पक्षी उतरतात, त्यातलाच एक. डाव्या पंखातलं एक पीस नसलेला, रोज त्याच वाळक्या बाभळीवर बसणारा. तो माघारी उत्तरेला निघाला की भाऊंचा उन्हाळा सुरू. तोवर कॅलेंडर, पेपरातलं तापमान, रसवंत्यांची घुंगरं, सगळं त्यांच्या लेखी अफवा.

दर रविवारी भाऊ स्कूटरवरून त्याला बघून यायचे. होळी जवळ आली की सोबत स्टीलच्या डबीत दही न्यायचे. घरातलं कुणी गावाला निघालं की आपण हातावर ठेवतो ना, तेच. एकदा मीही मागे बसून गेलो. भाऊंनी लांबूनच डबी उघडून गरुडापुढे धरली. त्याने मान फिरवली.

"लाजतंय," भाऊ म्हणाले आणि त्याच्या वाटचं दही स्वतःच चाटून मोकळे झाले. "ये आता सुखरूप."

हसू लपवायला मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. पायात चपला होत्या.

घरी आल्यावर मी वहिनींना छेडलं, "गरुड कधीपासून दही खायला लागले?"

वहिनी विरजण लावत होत्या. म्हणाल्या, "आमच्या घरातून दुसरं कोण निघतंय, भावजी? पोरं असती तर कुणी कॉलेजला गेलं असतं, कुणी नोकरीला."

पुढच्या वर्षी कारखान्यात काम वाढलं आणि भाऊंचे दोन रविवार बुडाले. तिसऱ्या रविवारी भल्या सकाळी गेले ते दुपारी परतले. बाभळ रिकामी होती. डबी मात्र भरलेलीच. मी गेलो तेव्हा स्वेटर घालून बसलेले, पंखा बंद.

"गेला ना तो? मग लावा की आता पंखा."

"निरोप नाय दिला, मंग गेला कसं म्हणू? दह्याबिगर गेलं ते. पुढल्या थंडीला येतं का नाय, कुणाला ठावं."

पन्नाशीचा माणूस, पण आवाज पार बसला होता. मला फार वाईट वाटलं. दरवर्षी मी हसत आलो त्याची लाजही वाटली. मग एकदम आठवलं आणि मी हात पुढे केला.

"भाऊ, मी पाचच्या एसटीने सोलापूरला निघालोय. ऑफिसचं काम आहे."

भाऊंनी वर पाहिलं. "येणार कधी?"

"गुरुवारी."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी डबीतलं सगळं दही माझ्या तळहातावर ठेवलं, कडेचंही बोटाने निपटून. सकाळपासून उन्हात फिरून ते आंबट ढाण झालं होतं. मी शेवटपर्यंत खाल्लं.

"येतो, भाऊ."

"ये सुखरूप."

मी जिना उतरायला लागलो तेव्हा मागे पंखा घरघरला आणि वहिनींचं "हुश्श" ऐकू आलं.